साबणाची खतावणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे आणि साबण लागतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या वहीला हळदकुंकू लागते. एकाच सणातल्या या दोन गोष्टी. परंतु त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. न्हाणीघर घरातल्या बायकांचे आणि वही दुकानातल्या पुरुषांची, अशी आपल्याकडची जुनी वाटणी आहे. अलीकडे मात्र ही वाटणी मोडू लागली आहे. घरच्या घरी साबण करणाऱ्या गृहिणी आता शहरोशहरी आढळतात. कोणी हौसेने करते, कोणी बचत गटातून करते, कोणी दिवाळीपुरता चार पैसे मिळवण्यासाठी करते. आणि ज्या दिवशी साबण घरात होऊ लागतो, त्या दिवशी वहीही घरात यावी लागते. ती आली नाही तर काय होते आणि आली तर काय साधते, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा नंदुरबार जिल्हा हा हिशेबाला अनोळखी मुलूख नव्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा, खाली तापी, वर सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा अशा चौकटीत बसला आहे. नंदुरबार शहर मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. शहराबाहेर पथारींवर लाल मिरची पसरलेली दिसली की परगावच्या पाहुण्याच्या नाकाला आधी वर्दी मिळते आणि डोळ्यांना नंतर! या पथारीवरचा अशिक्षित हमालसुद्धा एक गोष्ट जाणतो : ओली मिरची किती आली आणि वाळून किती उरली, या दोन आकड्यांच्या मध्ये व्यापाऱ्याचे सारे नशीब असते. त्या फरकाला म्हणतात ‘घट’. साबणाच्या शास्त्रातही हाच शब्द पुढे आपल्याला भेटणार आहे.

साबण कोठून आला?

मराठीच्या मास्तराला शब्दाची कुळकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘साबण’ हा शब्द आपला नव्हे. अरबी ‘साबून’, पोर्तुगीज ‘साबाव’, लॅटिन ‘सापो’ ही सारी त्याची भावकी. शब्द परका, कारण आपले न्हाणे निराळ्या वस्तूंनी होत असे. केसांना शिकेकाई आणि रिठा, अंगाला डाळीचे पीठ आणि उटणे, कपड्यांना खार, भांड्यांना राख. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे. त्यात साबण नसतो. राखेत मात्र साबणाचा अर्धा संसार दडलेला असतो. तिच्यात क्षार आहे, फक्त तेलाची गाठ पडलेली नाही.

तयार साबणाच्या पेट्या विलायतेहून कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या त्या १८८८ साली. लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण तो. पुढे अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास जनावरांच्या चरबीवाचून, निव्वळ वनस्पतींच्या तेलाचा साबण करून दाखवला आणि सोवळ्याओवळ्याची चिंता वाहणाऱ्या घरांचा मोठाच प्रश्न सुटला. टाटांच्या तेलगिरणीचा गोल ‘मोती’ हा तर महाराष्ट्रात दिवाळीचा मानकरीच होऊन बसला. ती कंपनी १९९० नंतरच्या काळात हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, तरी मोतीचा मान अद्याप उतरलेला नाही.

या मोठ्या कारखान्यांच्या कथेला समांतर अशी एक लहान कथाही आहे. १९३४ साली वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने खेड्यातल्या वस्तूंचा शहरी हिशेब मांडावयास सुरुवात केली. १९५७ साली खादी-ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला, तेव्हा त्याच्या उद्योगांच्या यादीत ‘अखाद्य तेले व साबण’ हा एक स्वतंत्र उद्योग होता. विचार साधा होता : खोबरेल, शेंगदाणा ही माणसाच्या पोटात जावयाची तेले, ती साबणात का घालवावी? निंब, करंज, मोह यांच्या बिया रानात पडून कुजतात, त्यांचा साबण करावा. विचार सोपा, परंतु तो ज्या जिल्ह्याला अगदी अंगच्या सदऱ्यासारखा बसावा, त्या जिल्ह्यांत आमचा नंदुरबार बसतो.

मोहाचे दान

सातपुड्यात मोहाचे झाड म्हणजे घरातले वडीलधारे माणूस. फाल्गुन-चैत्रात त्याची फुले पहाटे टपटप गळतात, ती वेचली जातात. त्या फुलांपासून पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचीच बदनामी अधिक झाली आहे. पण फुलांमागून फळे येतात, आणि ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास फळांतून बी निघते. तिला कोणी टोळंबी म्हणतात, गुजरातच्या बाजूला डोळी म्हणतात. आणि नवापूरचे रेल्वे स्थानकच जेथे अर्धे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत आहे, तेथे शब्दांना कोण अडवणार! या बीच्या गरात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत तेल असते. हे तेल थंडीत थिजते, तुपासारखे दिसते. डोंगरातली माणसे ते स्वयंपाकात घालतात, दिव्यात जाळतात, हिवाळ्यात उललेल्या कातडीला चोळतात. साबणाच्या दृष्टीने या थिजण्यातच गुण आहे. जे तेल थंडीत घट्ट होते, त्याची वडीही टणक होते.

एक गंमत पाहा. तेल्याच्या लाकडी यंत्राला आपण घाणा म्हणतो आणि एका वेळी कढईत तळून निघणाऱ्या पुऱ्यांनाही घाणाच म्हणतो. साबण करणाऱ्या बाईला दोन्ही घाणे लागतात. पहिल्यातून तेल येते, दुसऱ्यातून वड्या येतात. इंग्रजी वळणाने हल्ली ‘बॅच’ म्हणतात. मी या लेखात घाणाच म्हणणार आहे.

आता हे बी वर्षातून एकदाच मिळते, तेही पावसाच्या तोंडावर. नीट वाळवले नाही तर बुरशी धरते आणि तेल लवकर खवट होते. याउलट खोबरेल केव्हाही दुकानात मिळते. म्हणजे एकाच साबणातल्या दोन तेलांपैकी एकाची साठवण वर्षाची करावयाची आणि दुसऱ्याची महिन्याची. वहीची गरज येथूनच सुरू होते.

अंदाजपंचे दाहोदरसे

आपल्या स्वयंपाकघरात वजनकाट्याला फारसा मान नाही. सुगरणीचा हात हाच तिचा काटा. मीठ चिमूटभर, हिंग नखभर, गूळ सुपारीएवढा. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ असा आपला कारभार. दाहोद गाव आमच्या सरहद्दीपासून फार लांब नाही; पण साबण करताना हा दाहोदी हिशेब घरात घेऊ नये. कारण आमटीत मीठ जास्त पडले तर घरचा मनुष्य कुरकुरतो. साबणात कॉस्टिक जास्त पडले तर त्याची कातडी सोलवटते.

साबण म्हणजे तेल आणि तीव्र क्षार यांचा विवाह. या विवाहातून साबण आणि ग्लिसरीन अशी दोन अपत्ये होतात, हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उलगडून दाखवले. या विवाहात हुंडा ठरलेला असतो, आणि प्रत्येक तेलाचा निराळा. एक किलो खोबरेलाचा पुरता साबण होण्यास कॉस्टिक सोडा लागतो सुमारे १८३ ग्रॅम, मोहाच्या तेलाला सुमारे १३७, तिळाच्या तेलाला १३४, एरंडेलाला १२८. यातून पाच टक्के कॉस्टिक मुद्दाम कमी घालतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि साबण कातडीला सौम्य लागतो. ते पाच टक्के हीच सारी सुरक्षिततेची भिंत. भिंत मोठी नाही, हे ध्यानात धरावे.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी गेली काही वर्षे दिवाळीला साबण करतात. त्यांची एक कृती अशी : मोहाचे तेल ५०० ग्रॅम, खोबरेल ३००, एरंडेल १००, तिळाचे १००. एकूण तेल एक किलो. वर दिलेल्या आकड्यांनी गुणले असता कॉस्टिक १४९.६ ग्रॅम येते. पाच टक्के वजा करून १४२. पाणी त्याच्या दुप्पट, २८४ ग्रॅम. सारे मिळून १,४२६ ग्रॅम.

एका वर्षी एक ग्राहकबाई त्यांच्याकडे साबण परत घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘मागच्या खेपेचा किती छान होता! हा अंगाला चुणचुणतो.’’ वहिनींनी वाद घातला नाही. वडीच्या वेष्टणावर बारीक अक्षरात ‘७’ असा आकडा होता. त्यांनी वही काढली. सातव्या घाण्याच्या पानावर शेवटी लिहिले होते : ‘खोबरेल संपले. मोहाचे ८०० घेतले.’ त्या दिवशी डबा रिकामा निघाला, बाजार बंद होता, तेव्हा एका तेलाच्या जागी तेवढेच दुसरे तेल घातले. एकूण तेल किलोभरच राहिले. पण कॉस्टिक पूर्वीइतकेच पडले. आता हिशेब करून पाहा. ८०० ग्रॅम मोह, १०० एरंडेल, १०० तीळ यांना पुरते कॉस्टिक लागते १३५.८ ग्रॅम. पडले १४२. म्हणजे सुरक्षिततेची भिंत तर गेलीच, वर सहा ग्रॅमांहून अधिक कॉस्टिक मोकळे राहिले.

वहिनींनी त्या घाण्याच्या विकलेल्या वड्या वहीतली नावे पाहून परत आणवल्या, पैसे परत केले आणि सगळ्या वड्या कपड्यांच्या साबणात टाकल्या. मला म्हणाल्या, ‘‘सर, वही नसती तर सगळ्याच घाण्यांवर संशय आला असता. शंभरावर वड्या टाकाव्या लागल्या असत्या, नाहीतर डोळे झाकून विकाव्या लागल्या असत्या.’’

या एका वाक्यात साबणाच्या खतावणीचे सारे तत्त्वज्ञान आले. चूक कढईत झाली असे वाटते. वास्तविक ती फळीवर झाली होती. शिल्लक किती आहे हे आदल्या दिवशी पाहिले असते तर तो घाणा त्या दिवशी चढलाच नसता.

तीन वह्या

दुकानदाराच्या कीर्द-खतावणीला घाबरण्याचे कारण नाही. घरच्या साबणाला तीन वह्या पुरतात. किंबहुना एकाच वहीचे तीन भाग केले तरी चालते.

पहिली मालाची वही. प्रत्येक जिन्नसाला एक पान : मोहाचे तेल, खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक, सुगंधी तेल, वेष्टणाचा कागद. पानावर रकाने मोजके. तारीख, कोठून आणले, भाव, आवक, जावक, शिल्लक. आवक-जावक मात्र सदैव ग्रॅममध्ये. तेल आपण आणतो लिटरने आणि वापरतो वजनाने, आणि येथे पुष्कळांचा पाय घसरतो. तेल पाण्याहून हलके असते. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम भरते. खाद्यतेलाच्या पिशवीवर हे वजन बारीक अक्षरात छापलेलेही असते. निव्वळ खोबरेलाचा साबण करताना एका बाईने लिटरची पिशवी म्हणजे किलो असे धरले, तर किलोचे कॉस्टिक पडते १७४ ग्रॅम, आणि पिशवीतल्या ९१० ग्रॅम तेलाला पुरते लागते सुमारे १६७. सात ग्रॅम पुन्हा मोकळे!

दुसरी कृतीची वही. येथे कृती वजनात न लिहिता टक्क्यांत लिहावी. मोह ५०, खोबरेल ३०, एरंडेल १०, तीळ १०. मग घाणा अर्ध्या किलोचा असो की पाच किलोचा, एकच पान पुरते. तेलाचे प्रमाण बदलले की ती नवी कृती, तिला नवा क्रमांक, आणि कॉस्टिकचे गणित मुळापासून पुन्हा. जुन्या कृतीत खाडाखोड करू नये. खाडाखोड केलेली कृती ही फोडणी करपलेल्या आमटीसारखी. झाकता येते, सुधारता येत नाही.

तिसरी घाण्याची वही. प्रत्येक घाण्याला अनुक्रमांक. कोणत्या कृतीने केला, कोणत्या डब्यातले तेल, कॉस्टिक किती, वड्या किती, ओले वजन किती, सुकल्यावरचे किती, कोणाला दिल्या. एका डब्यातले तेल संपून दुसरा उघडला तर तेही लिहावे. पुढे एखाद्या वडीवर नारिंगी ठिपके पडले, खवट वास आला, तर घाण्यावरून डबा सापडतो आणि डब्यावरून त्या डब्याचे बाकीचे घाणे सापडतात.

हल्ली ही सारी गणिते मोबाईलवर होतात. तेलांची नावे आणि वजने घातली की कॉस्टिकचा आकडा क्षणात येतो. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु फळीवरच्या डब्यात तेल खरोखर किती आहे हे कोणताही मोबाईल सांगत नाही. त्याला डबा काट्यावर ठेवावा लागतो. यासाठी एक साधी युक्ती सांगतो. डबा रिकामा असतानाच त्याचे वजन करून ते त्याच्या अंगावर लिहून ठेवावे. मग दर अमावास्येला भरला डबा तोलून त्यातून ते वजा करावे. वही म्हणते २,४०० ग्रॅम आणि काटा म्हणतो २,३४०, तर काळजी नाही. भांड्याला, पळीला तेल लागतेच. पण काटा १,८०० म्हणाला, तर एखादा घाणा लिहावयाचा राहिला किंवा घरात कोणीतरी केसांना मोहाचे तेल लावत आहे!

कॉस्टिकच्या पानाला मात्र उलटा नियम. त्याची शिल्लक आपोआप वाढली तर भ्यावे. कॉस्टिक हवेतले पाणी ओढून घेते. डबा उघडा राहिला की वजन वाढते आणि जोर घटतो. त्या वजनावर भरवसा ठेवून केलेला साबण मऊ आणि तेलकट राहतो. म्हणून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर ठळक अक्षरांत नाव, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी जागा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कदापि भरू नये. ते सदैव पाण्यात टाकावे, त्यावर पाणी ओतू नये. भांडे पोलादी किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्यावे. ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकते. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा असावा. थेंब अंगावर पडलाच तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे. घरात कॉस्टिक किती आहे हे घरातल्या मोठ्या माणसाला ग्रॅमपर्यंत ठाऊक असले पाहिजे. ही शिल्लक पैशाची नव्हे, जिवाची.

फळीवर काय आहे, यावरून काय होईल?

मालाच्या वहीचा खरा आनंद दिवाळीपूर्वी मिळतो. समजा, फळीवर मोहाचे तेल ६ किलो आहे, खोबरेल २,१०० ग्रॅम, एरंडेल दीड किलो, तिळाचे ९०० ग्रॅम आणि कॉस्टिक १ किलो. वरच्या कृतीचे किती घाणे निघतील? मोह म्हणतो बारा, एरंडेल म्हणते पंधरा, तीळ म्हणतो नऊ. पण खोबरेल म्हणते सात आणि कॉस्टिकही म्हणते सात. म्हणजे घाणे सातच. बारा मिळतील या भरवशावर बसलेली बाई आठव्या घाण्याला अडेल, आणि मग वहिनींच्या सातव्या घाण्यासारखा प्रसंग ओढवेल. बाजारात जाताना काय आणावयाचे, हे ज्याची शिल्लक सर्वांत मोठी दिसते त्यावरून ठरवू नये. जे सर्वांत आधी संपणार त्यावरून ठरवावे. संसारातही हा नियम खोटा नाही.

आणि पंचांग विसरू नये. साबण साच्यातून निघाला की लगेच वापरत नाहीत. त्याला चार ते सहा आठवडे मोकळ्या हवेत सुकू द्यावे लागते. त्याने पाणी उडते, वडी टणक होते, अंगाला सौम्य लागते. अनंत चतुर्दशीपासून नरकचतुर्दशीपर्यंत सुमारे सहा आठवडे असतात. तेव्हा सोपी खूण ही : गणपती पाण्यात गेले की साबण साच्यात गेला पाहिजे. त्याला लागणारे मोहाचे तेल आषाढात घरात आले पाहिजे. नवरात्रात तेल शोधावयास निघालेल्या बाईचा साबण दिवाळीला नव्हे, तुळशीच्या लग्नाला वापरावयास मिळतो.

घट आणि भाव

आता मिरचीच्या पथारीवरचा तो जुना शब्द. वहिनींचा घाणा ओला १,४२६ ग्रॅमांचा. भांड्याला लागलेले सोडून शंभर ग्रॅमांच्या चौदा वड्या पडतात. सहा आठवड्यांनी तोलल्या तर एकेक वडी ८८-९० ग्रॅमांची भरते. वेष्टणावर १०० ग्रॅम लिहिले तर ती लबाडी झाली. खरी शंभराची वडी द्यावयाची तर ओली कापावी लागेल सुमारे ११२ ग्रॅमांची, आणि मग घाण्यातून वड्या पडतात बारा.

भावाचे गणित येथे उलटते. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. खोबरेल आधी २ किलो आणले ३०० रुपये किलोने, पुढे ३ किलो आणले ३६० ने. सरासरी पडली ३३६ रुपये. घाण्यातल्या ३०० ग्रॅम खोबरेलाचे झाले १०० रुपये ८० पैसे. मोहाचे तेल २४० रुपये किलो धरले तर १२० रुपये, एरंडेलाचे २०, तिळाचे ३०, कॉस्टिकचे १४ रुपये २० पैसे. बेरीज बरोबर २८५. चौदा वड्या धरल्या तर एका वडीला २० रुपये ३६ पैसे. बारा धरल्या तर २३ रुपये ७५ पैसे. फरक साडेतीन रुपयांच्या आतला. पण वीस घाणे केलेल्या बाईचा हाच फरक आठशे रुपयांवर जातो. त्यात सुगंध, कागद, वीज, रिक्षाभाडे आले नाही. आणि तिचे स्वतःचे श्रम? ते तर कोणत्याच रकान्यात नसतात!

बायकांच्या गृहोद्योगांचे हे जुने दुखणे आहे. पापड, लोणची, मसाले, आणि आता साबण. सारे ‘चांगले खपते’, पण वर्षअखेरीस हाती काय उरले हे सांगता येत नाही. खप म्हणजे नफा नव्हे. जो माल गेला त्याची किंमत ठाऊक नसेल, तर विक्री हा एक प्रकारचा दानधर्मच. म्हणून घाण्याच्या पानावर एक रकाना तासांचा असावा आणि त्या तासांना, थोडा का होईना, पण दर लावावा. पहिल्या वर्षी तो रकाना वाचून वाईट वाटेल. तरीही भरावा. दुसऱ्या वर्षीचा भाव तोच रकाना ठरवतो.

हाच प्रश्न डोंगरात अधिक मोठा होतो. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे शंभरांतली सुमारे ६९ माणसे आदिवासी. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरातली बाई मोहाचे बी वेचते, वाळवते, आणि आठवडे बाजारात ते मापाने देऊन मीठमिरची घेऊन जाते. तेच बी पुढे तेल होते, तेल साबण होते, आणि शहरातल्या दुकानात ‘रानातले शुद्ध’ म्हणून चढ्या भावाने विकले जाते. मधल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी वही लिहीत असते. फक्त पहिल्या पायरीवर नसते. सरकारने २०१३-१४ पासून काही गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत लावली, २०१८ साली वनधन योजना काढली, हेतू हाच की बी न विकता वस्तू विकावी. परंतु बी विकावयाचे की तेल, हे ठरवावयाचे तर दहा किलो बियांतून तेल किती निघाले, पेंड किती, घाण्याची मजुरी किती, हे तिच्या स्वतःच्या वहीत हवे. मोहाची पेंड जनावरांना घालीत नाहीत, पण शेताला खत म्हणून चालते. तिचाही एक रकाना असावा. तो आकडा ज्या बाईजवळ आहे तिला व्यापारी सहज फसवू शकत नाही.

विकावयाचा असेल तर

घरच्यांपुरता साबण करणे ही हौस. विकणे हा व्यवसाय. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम त्याला लागू होतात, आणि विक्रीसाठी करावयाचा तर परवाना लागतो. वेष्टणावर घटक, निव्वळ वजन, करणाऱ्याचा पत्ता, केल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत द्यावी लागते. नवख्या बाईला ही जाचक यादी वाटते. पण नीट पाहिले तर यातले बहुतेक सगळे वहिनींच्या वहीत आधीच आहे. ज्याच्या घरी खतावणी आहे त्याला कायद्याची भीती निम्मी.

बाजारात ‘घरगुती’ म्हणून मिळणारा पुष्कळसा साबण तयार साबणाचे ठोकळे वितळवून, त्यात रंग-वास घालून केलेला असतो. त्यात वाईट काही नाही. कॉस्टिकला हात लावावा लागत नाही, हा मोठाच लाभ. परंतु तेथेही ठोकळा कोणत्या खेपेचा, सुगंधी तेल किती थेंब नव्हे तर किती ग्रॅम, हे लिहावेच लागते. एखाद्याच्या अंगाला सुगंधी तेल सोसत नाही, आणि तो विचारावयास आला तर उत्तर स्मरणातून नव्हे, कागदावरून द्यावयाचे असते.

या लक्ष्मीपूजनाला वाचकभगिनींनी एक करून पाहावे. दुकानाच्या चोपड्यांशेजारी एक शंभर पानी वही ठेवावी. साबण करीत नसाल तर मसाल्याची ठेवा, लोणच्याची ठेवा, पापडाची ठेवा. तिला हळदकुंकू वाहावे आणि पहिल्या पानावर घरातल्या फळीवरची आजची शिल्लक लिहावी, काट्यावर तोलून, अंदाजाने नव्हे. लक्ष्मी चंचल आहे असे आपण म्हणतो. तिचा खरा स्वभाव एवढाच आहे की जेथे तिची नोंद होत नाही तेथे ती थांबत नाही.